डावी बाजू

हणमंत कणसे सरांना अपघात झाला असं त्या संध्याकाळी विट्यात कुणीच म्हणालं नाही. सर स्वतःही म्हणाले नाहीत. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि बायकोला सांगितलं, "गाडी जरा धडकली. लागलं-बिगलं काही नाही."

कराडहून ते विनाचालक गाडीने परतत होते. कडेगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली एकदम आडवी आली. गाडीने करकचून ब्रेक लावला, बाजूला वळली आणि मोरीच्या कठड्याला घासून थांबली. सरांची मान पुढे-मागे हिसडली, एवढंच. कपाळाला ओरखडासुद्धा आला नाही. गाडीतल्या आवाजाने शुद्ध मराठीत दिलगिरी व्यक्त केली, त्यांना पडद्यावरच्या ठिपक्याकडे पाहायला सांगितलं, हातांच्या मुठी वळायला आणि सोडायला सांगितलं. दुसरी गाडी आली आणि सर घरी पोहोचले. चहा होईपर्यंत फोनवर गाडीच्या कंपनीचा निरोप आला होता: "आपल्या प्रतिदेहाची तपासणी पूर्ण झाली. वर्तमान इजा शून्य. भावी इजा शून्य."

प्रतिदेह म्हणजे काय हे तोवर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक झालं होतं. प्रत्येक माणसाचा गणिताने बांधलेला एक देह सरकारी आरोग्यकोशात असे. आजवर झालेल्या तपासण्या, हाडांची जाडी, सांध्यांची झीज, मनगटावरच्या घड्याळाने नोंदवलेली चाल आणि नाडी, या सगळ्यांतून तो विणला जाई. अपघात झाला की धक्का किती जोराचा, कोणत्या दिशेने आणि किती वेळ बसला हे गाडीतले संवेदक सांगत. मग तोच अपघात प्रतिदेहावर पुन्हा घडवून आणायचा. एकदा नव्हे, हजारो वेळा, दर खेपेला मान किंचित वेगळ्या कोनात ठेवून. आज न दिसणारी, पण महिन्या-दोन महिन्यांनी उपटणारी इजा त्यात आधीच सापडे.

हे तंत्र आलं ते लोकांच्या भल्यासाठीच. त्याआधी अपघातानंतर पंधरवड्याने कुणाची मान आखडली, कुणाला चक्कर येऊ लागली, तर विमेवाले विचारत, ही त्या अपघातामुळेच कशावरून? माणूस पुरावा गोळा करता करता थकून जाई. प्रतिदेहाने ती भांडणं मिटवली. त्यापाठोपाठ कायदाही आला. प्रतिदेहाने जी इजा सांगितली तिची भरपाई लगेच. आणि त्याने शून्य सांगितलं, प्रवाशाने ते मान्य करून अंगठा दिला, की प्रकरण कायमचं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा प्रतिनिधी आला. हसतमुख, नम्र माणूस. सरांची मुलगी ज्ञानदा सांगलीच्या महाविद्यालयात गणित शिकवायची. शनिवार असल्याने ती घरी होती.

"पप्पा, वाचा तरी आधी," ती म्हणाली.

"काय वाचायचं? शून्यच आहे ना सगळं?" सर हसले आणि त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला. दिसणाऱ्या, न दिसणाऱ्या आणि पुढे दिसू शकणाऱ्या सर्व इजांबाबत माझी काही तक्रार नाही, असं तिथे लिहिलं होतं.

तीनेक आठवड्यांनी सरांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या जड वाटायचं, दुपारनंतर उतरायचं. पुढे डुलकी यायला लागली. पेपर वाचता वाचता, फोनवर बोलता बोलता. आयुष्यभर पहाटे मैदानावर उभा राहिलेला क्रीडाशिक्षक सकाळी नऊपर्यंत अंथरुणात दिसायला लागला.

"अगं, डोकं लई ठणकतंय," ते बायकोला, शोभाताईंना म्हणायचे.

शोभाताई आधी बाम चोळून द्यायच्या. मग त्यांनी घरचं आरोग्ययंत्र त्यांच्या कपाळाला लावलं. यंत्राने कोशातला शेवटचा निकाल वाचून दाखवला, डोक्याला इजा नाही. दोन-तीनदा असंच झाल्यावर शोभाताईंचा सूर बदलला.

"अहो, यंत्र सांगतंय काही नाही. निवृत्त झाल्यापासून तुमचं लक्ष सारखं अंगाकडेच. जरा चालून या."

ज्ञानदालाही तसंच वाटलं. ती वाईट मुलगी नव्हती. पण ज्या माणसाच्या हजारो अपघातांतून एकही इजा निघत नाही, त्याला दुखतंय म्हणजे ते मनाचंच असणार, असं सगळ्यांना वाटायचं. तसं त्या काळात बऱ्याच घरांत व्हायचं. शून्य असलेल्या माणसाच्या कण्हण्याला घरात किंमत उरत नसे. हळूहळू सरही बोलेनासे झाले.

जेवताना एकदा शोभाताई रागावल्या. "चटणी तशीच, कोशिंबीर तशीच, लोणच्याला हात नाही. आठवडा झाला, हेच चाललंय. माझ्या हाताची चव गेली का?"

सरांनी ताटाकडे पाहिलं. आमटीची वाटी, भाजी, भाकरी. "कुठं वाढलीस चटणी?"

"थट्टा पुरे," त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

जानेवारीच्या सुरुवातीला आटपाडीत मुलींच्या निमंत्रित कबड्डी स्पर्धा होत्या. कणसे सर तीस वर्षं पंच होते. तरुणपणी ते नावाजलेले चढाईपटू, पण लोकांना आठवायचे ते पंच म्हणून. त्यांनी बाद म्हटलं की बाद. मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आले होते तरी तालुक्याच्या मैदानावर पंचाचा हातच अखेरचा असे, आणि सर उभे आहेत म्हटल्यावर दोन्ही संघ निर्धास्त असत.

अंतिम सामना बलवडी आणि तासगावच्या मुलींचा. सर मध्यरेषेच्या टोकाला उभे होते. शेवटच्या मिनिटाला तासगाव एका गुणाने पुढे होतं. बलवडीची कर्णधार स्नेहल खरात चढाईला गेली. सरांच्या डाव्या अंगाच्या कोपऱ्यात तिने पाय टाकला, बचाव करणारीच्या घोट्याला स्पर्श केला आणि उडी मारून मध्यरेषेवर आली. तिने दोन्ही हात वर केले. बरोबरी झाली म्हणून बलवडीची पोरं आधीच नाचायला लागली होती.

सरांनी हात हलवला. स्पर्श नाही.

समोरच्या बाजूच्या पंचाला कोपरा नीट दिसला नव्हता. त्याने सरांकडे पाहिलं आणि मान डोलावली. शिट्टी झाली. सामना संपला.

स्नेहल धावत सरांकडे आली. लोकांना एवढंच दिसलं की ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, काहीतरी बोलली, मग तिने त्यांच्या दंडाला हात लावला आणि सर कोलमडून खाली पडले. एकच गलका झाला. सरांना उठवलं. "कुणी ढकललं मला?" त्यांनी विचारलं, आणि लोकांनी स्नेहलकडे बोट दाखवलं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर, तुम्ही विकले गेलात," ती म्हणाली.

पंचावर हात टाकल्याची तक्रार सरांनीच कबड्डी संघटनेकडे दिली. स्नेहलवर वर्षभराची बंदी आली.

विट्याच्या चौकात त्या आठवड्यात कुजबुज चालू होती. सामन्याचं चित्रण सगळ्यांच्या फोनवर होतं आणि त्यात स्पर्श ढळढळीत दिसत होता. "काय ओ, सरांना बी घेतलं का काय तासगावकरांनी?" असं लोक एकमेकांना विचारत. दोष डोळ्यांचा किंवा डोक्याचा असेल असं कुणालाही सुचलं नाही, कारण सरांचं शून्य सगळ्यांना ठाऊक होतं. आजारी नाही, म्हणजे मग नीयत.

ज्ञानदा शनिवारी घरी आली ती रागातच. तिने सामन्याचं चित्रण पहिल्या शिट्टीपासून लावलं. वडिलांनी खरंच अशी चूक केली असेल तर ती कशी, हे तिला बघायचं होतं. शेवटच्या चढाईखेरीज आणखी चुका सापडल्या. उत्तरार्धात बलवडीचा आणखी एक गुण त्यांनी नाकारला होता. मग तिने पूर्वार्ध परत पाहिला आणि ती सरळ बसली. तिथेही दोन चुका होत्या. पण त्या तासगावच्या विरुद्ध होत्या. तासगाव जिंकलं म्हणून त्यांची कुणी आठवण ठेवली नव्हती, इतकंच.

"आई, हे बघ. विकला गेलेला माणूस दोन्हीकडच्यांचे गुण कशाला कापेल?"

शोभाताई पदराला हात पुसत येऊन बसल्या.

"मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या," ज्ञानदा म्हणाली. "पप्पा एकाच जागी उभे होते. आधी त्यांच्या डावीकडे तासगावच्या मुली चढाईला यायच्या, नंतर बलवडीच्या. सगळ्या चुका मैदानाच्या डाव्या अर्ध्यात आहेत. उजवीकडे एक चूक नाही. आणि हे बघ."

शेवटचं दृश्य तिने हळू केलं. स्नेहल धावत येते, सरांच्या डाव्या खांद्याशी उभी राहते. तिचे ओठ हलतात. सर, सर, सर. हात जोडलेले. सर समोर पाहत आहेत, जणू शेजारी कुणीच नाही. मग ती दंडाला नुसती बोटं लावते आणि सर दचकून, डावा पाय दुमडून खाली जातात.

शोभाताईंचा चेहरा पांढरा पडला. "ज्ञानदा," त्या म्हणाल्या, "चटणी, कोशिंबीर, लोणचं... ताटात डावीकडेच वाढते मी."

त्याच दुपारी दोघी सरांना घेऊन मिरजेला गेल्या. डॉ. आवळे या मेंदूविकाराच्या डॉक्टर. त्यांनी शून्याचा निकाल बघितला आणि बाजूला ठेवला. सरांसमोर कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली.

"सर, कबड्डीचं मैदान काढून दाखवा."

सरांना हसू आलं. आयुष्यात हजार वेळा फळ्यावर काढलेली आकृती. त्यांनी मध्यरेषा ओढली. तिच्या उजवीकडे अंतिम रेषा, बोनस रेषा, राखीव पट्टी, सगळं नेटकं काढलं. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं."

मध्यरेषेच्या डावीकडे कागद कोरा होता. ज्ञानदाने तोंडावर हात दाबला.

तासाभरात सरांच्या डोक्याची प्रतिमा पडद्यावर होती. कवटीच्या आत उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखा जाड पट्टा दिसत होता. "हे साठलेलं रक्त," डॉ. आवळेंनी समजावलं. "मेंदू आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यामधून बारीक शिरा जातात, ओढ्यावरच्या साकवासारख्या. वयानं मेंदू थोडा आक्रसतो, मधली जागा वाढते, शिरा ताणून राहतात. मग साधा हिसका बसला तरी एखादी फुटते. पण ती भळभळत नाही, झिरपत राहते. म्हणून पहिले काही आठवडे काही जाणवत नाही. आणि उजव्या मेंदूवर दाब आला की डावीकडचं जग माणसाच्या ध्यानातून निसटायला लागतं. डोळे शाबूत असतात. लक्षच तिकडे जात नाही."

"पण प्रतिदेहानं शून्य सांगितलं होतं," शोभाताई म्हणाल्या.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आधी हे रक्त काढू या."

कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई खाटेच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. सरांनी डोळे उघडले, मान वळवली आणि म्हणाले, "तू कधीपासून बसलीस इथं?"

शोभाताईंना रडू आवरेना. "तुम्ही सांगत होता आणि मी यंत्राला विचारत बसले," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा त्यालाच विचारत होतो," सर म्हणाले. "तुझं एकटीचं काय घेऊन बसलीस?"

सर घरी आले, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पुन्हा साठू शकतं, झटके येऊ शकतात, तपासण्या वर्षानुवर्षं कराव्या लागतील. ज्ञानदा त्यांना आणि शोभाताईंना सांगलीला अ‍ॅडव्होकेट रुकसाना मुजावर यांच्याकडे घेऊन गेली; कागद तिने आधीच पाठवले होते. मुजावर बाई पन्नाशीच्या, बोलायला थेट.

"अंगठा दिलात ते चुकलंच," त्या म्हणाल्या. "अपघातानंतर बरं वाटतंय म्हणून लगेच कुठंही सही करायची नसते. आधी स्वतःच्या डॉक्टरला दाखवायचं, काय दुखतंय ते त्यांच्या कागदावर येऊ द्यायचं. बरं, झालं ते झालं. दोन कामं मी तातडीनं केलीयत. त्या दिवशीची गाडीतली सगळी माहिती आणि प्रतिदेहाची तपासणी कंपनीनं पुसू नये म्हणून न्यायाधिकरणाचा आदेश घेतलाय. सहा महिन्यांनी ते आपोआप पुसतात. आणि दाव्याची नोटीस पाठवलीय. नंतर उघड झालेल्या इजेची नोटीस कळल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. तुम्हाला कळलं ते मिरजेत. त्या हिशेबानं आपण मुदतीत आहोत."

सर ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, मला उद्या संघटनेत जायचंय. स्नेहल खरातवरची तक्रार मागं घ्यायला."

"घ्या की. कारण काय सांगणार?"

"खरं तेच. सामन्याच्या दिवशी मला डावीकडचं कळत नव्हतं. डोकं त्याच्याही आधीपासून दुखत होतं. पंच म्हणून मी उभं राहायलाच नको होतं."

मुजावर बाईंनी चष्मा काढला. "सर, सुनावणी होईपर्यंत हे बोलू नका. सामन्याला महिना उलटून गेलाय. तुम्ही तुमच्याच तोंडानं सांगितलंत की तेव्हाच बिघडलं होतं, तर कंपनी म्हणणार, यांना कळलेलं होतं, मुदत संपली. पूर्ण दावा जाईल."

"सुनावणी कधी?"

"उन्हाळ्यात."

"जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात आहे. त्या मुलीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही."

"डॉक्टरांचं पत्र देऊन काम होणार नाही का?" ज्ञानदाने विचारलं.

"मी चौकशी केली," सर म्हणाले. "संघटना म्हणते, तक्रार पंचानं केली, तर चूक झाली असं पंचानंच समोर येऊन सांगायचं."

मुजावर बाई शोभाताईंकडे पाहत होत्या. पुढच्या औषधपाण्याचा भार या घरावर किती पडेल ते त्यांना ठाऊक होतं आणि निदान बायको तरी अडवेल अशी त्यांना आशा होती.

"त्यांना जाऊ द्या, बाई," शोभाताई म्हणाल्या. "दोन महिने आमच्या घरात यांचं कुणी ऐकलं नाही. काय होतं ते मी बघितलंय. त्या पोरीचं तरी कुणीतरी ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात पदाधिकाऱ्यांसमोर स्नेहल आणि तिचे वडील बसले होते. सरांच्या डोक्यावर अजून पट्टी होती. ते उभे राहूनच बोलले. सामन्याच्या दिवशी मला डावीकडचं कळत नव्हतं. ही मुलगी बरोबर होती. स्पर्श झाला होता. तिनं मला ढकललं नाही, मी पडलो. तक्रार खोटी ठरली, ती मी मागं घेतो. आणि जोवर डॉक्टर हो म्हणत नाहीत तोवर मी मैदानावर पंच म्हणून उभा राहणार नाही.

बंदी उठली. बाहेर जिन्यापाशी स्नेहल त्यांच्यासमोर आली.

"सर, गुण गेला त्याचं मला एवढं वाटलं नाही," ती म्हणाली. "तीनदा हाक मारली, तुम्ही बघितलं पण नाही. घरी जाऊन त्याचंच रडू आलं. मला वाटलं, मी कुणीच नाही तुमच्या लेखी."

"मला ऐकू आली नाही, बाळ. म्हणजे कानाला आली असेल. माझ्यापर्यंत आली नाही."

ती वाकली. सरांनी तिला मधेच थांबवलं. "नको. चुकलेल्याच्या पाया पडत नाहीत. जा, सराव कर."

मे महिन्यात सांगलीच्या अपघात दावा न्यायाधिकरणात सुनावणी झाली. मुजावर बाईंनी कंपनीच्या अभियंत्याला समोर बोलावलं.

"सरांच्या प्रतिदेहातले गुडघे कुणाचे?"

"त्यांचेच. मागे शस्त्रक्रिया झाली तेव्हाच्या प्रतिमा होत्या."

"मणके?"

"त्यांचेच."

"आणि मेंदू?"

अभियंत्याने अंगठ्याने कपाळ पुसलं. प्रामाणिक माणूस होता. "त्यांच्या डोक्याची प्रतिमा आधी कधी घेतलेलीच नव्हती. असं असलं की त्या वयाच्या लोकांची सरासरी घेतात."

"सरासरी कुणाची? पंधरा वर्षं कबड्डी खेळताना डोक्याला डोकी आपटून घेतलेल्या माणसांची?"

"नाही. सर्वसाधारण लोकांची. अशा खेळाडूंचा मेंदू जास्त आक्रसलेला असू शकतो, शिरा जास्त ताणलेल्या असू शकतात. ते आमच्या गणितात आलं नाही."

"म्हणजे ज्या डोक्यावर तुम्ही हजारो वेळा अपघात घडवून पाहिलात, ते डोकं माझ्या अशिलाचं नव्हतं."

"नव्हतं," अभियंता म्हणाला.

मग कंपनीचे वकील निमकर उठले. त्यांनी संघटनेच्या बैठकीतलं सरांचं निवेदन वाचून दाखवलं. "कणसे सर, हे तुमचेच शब्द ना? 'सामन्याच्या दिवशी मला डावीकडचं कळत नव्हतं.'"

"माझेच."

"मग तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं. नोटीस मात्र महिना उलटल्यावर आली."

"डोकं दुखतंय हे माहीत होतं," सर सावकाश म्हणाले. "डावीकडचं कळत नाही हे माहीत नव्हतं. ते मला नंतर लोकांनी दाखवलं."

"दिसत नाही हे माणसाला कळणार नाही, असं कसं?"

"वकीलसाहेब, आत्ता तुमच्या पाठीमागं तुम्हाला काय दिसतंय? काळोख दिसतोय का?"

निमकरांनी नकळत मान अर्धी वळवली आणि पुन्हा समोर केली.

"काळोख दिसला असता तर मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो," सर म्हणाले. "काळोखही नव्हता. डावीकडे काही असतं हेच मनातून गेलं होतं. ताटात चटणी नाही असं मला वाटलं नाही. चटणी असते हेच आठवलं नाही. आज मी हे सांगतोय ते बरा झालोय म्हणून. ते आजारपण असं होतं की आहे हेच कळू देत नव्हतं."

सरांनी पेन्सिलीने काढलेलं अर्धं मैदान डॉ. आवळेंनी न्यायाधिकरणाच्या अध्यक्षबाईंपुढे ठेवलं. अध्यक्षबाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. निकाल राखून ठेवला गेला.

तो लागला तेव्हा सर बारामतीत होते. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत सांगलीच्या मुली उपांत्य फेरीत पोहोचल्या होत्या आणि शोभाताई, ज्ञानदा यांच्यासह ते प्रेक्षकांत बसले होते. पंचाच्या जागी दुसरंच कुणीतरी होतं. सुरुवातीला त्यांचे हात आपोआप हलत होते, मग मांडीवर स्थिर झाले.

ज्ञानदाचा फोन थरथरला. मुजावर बाईंनी निकालपत्र पाठवलं होतं. तिने घाईघाईने शेवटचं पान उघडलं. समझोता झाला तो दुसऱ्याच देहाबद्दल, म्हणून तो कणसे यांच्यावर बंधनकारक नाही. ज्या इजेने ती झाल्याची जाणीवच हिरावली तिची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजावी. दावा मुदतीत आहे. उपचारांचा आजवरचा आणि पुढचा खर्च कंपनीने द्यावा. शेवटी एक परिच्छेद आणखी होता. यापुढे अंगठा घेण्याआधी, प्रतिदेहातला कोणता भाग त्या माणसाचा स्वतःचा आणि कोणता उसना, हे प्रत्येक कंपनीने त्याला तोंडी आणि लेखी सांगावं.

"पप्पा, निकाल आला!" ती म्हणाली.

सरांनी हाताने तिला थांबवलं. मैदानात स्नेहल चढाईला गेली होती. समोर चार जणी साखळी धरून उभ्या. ती कबड्डी कबड्डी म्हणत कोपऱ्यापर्यंत गेली, पाय टाकला, कुणीतरी तिचा घोटा पकडला. ती पोटावर पडली आणि हात लांब करून फरफटत निघाली. सर जागेवरून अर्धे उठले होते.

"अहो, ऐका तरी ती काय सांगतेय," शोभाताई म्हणाल्या.

"सांगेल गं. आधी ती पोरगी परत येऊ दे."

स्नेहलची बोटं मध्यरेषेला लागली. शिट्टी वाजली, पंचाचा हात सांगलीच्या बाजूने वर गेला. सर खाली बसले, रुमालाने मान पुसली आणि मग लेकीकडे वळले.

"हं. काय म्हणतायत मुजावर बाई?"